समुद्र नसलेल्या गावाचं पाणी

नागपूरकराला समुद्राचं जरा जास्तच आकर्षण असतं. कारण उघड आहे, तो आपल्याकडे नाही! झिरो माईलच्या खांबापासून कुठल्याही दिशेनं निघा, खारं पाणी लागायला साडेपाचशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. आणि सगळ्यात जवळचा किनारा मुंबईचा नाहीच, तो आंध्रातला. तरीही या भागात एकेकाळी कुठलं पाणी होतं, गोडं की खारं, हा प्रश्न भूगर्भशास्त्रवाल्यांना दीडशेहून जास्त वर्षं सतावतोय. गेले काही वीकेंड मीही त्याच नादात आहे, म्हणून हे पोस्ट. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मुळातला प्रश्न. पाणी आटून कोट्यवधी वर्षं झाली, आता ते किती खोल होतं हे कसं मोजायचं? सर्व्हर बंद पडला, मशीनही भंगारात गेलं, हातात फक्त लॉग फाईल उरली, तसला प्रकार. दगड म्हणजे ती लॉग फाईल.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण मला रायपूरला आत्याकडे दिसलं. तिच्या घरामागच्या कुंपणात फरशीचे दगड उभे लावलेत. त्यातल्या एका दगडावर कांदा आडवा कापल्यासारखी गोल वलयं होती. आत्या म्हणाली, "देवाचं काहीतरी असेल, हात नको लावू." देवाचं नाही, ते स्ट्रोमॅटोलाइट. रायपूरच्या आसपासच्या चुनखडीत, जिला चंडी चुनखडी म्हणतात, असे भरपूर आहेत आणि वय साधारण १०० कोटी वर्षं. तेव्हा झाडं नव्हती, मासे नव्हते. होते ते सूक्ष्मजीव, त्यांचा एक बुळबुळीत थर पाण्याच्या तळाशी पसरायचा. वर गाळ बसला की उजेड बंद, म्हणून हे जीव गाळातून वर सरकायचे आणि त्यावर नवा थर अंथरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा थर. अशी थरावर थर चढत उशीएवढी, खांबाएवढी रचना व्हायची. यांचं सगळं उजेडावर चालणारं, म्हणजे उजेड तळापर्यंत पोचत होता, म्हणजे पाणी उथळ होतं. एका दगडावरून खोलीचा अंदाज आला की नाही?

पण इथे एक मेख आहे. आजही ऑस्ट्रेलियात शार्क बे म्हणून ठिकाण आहे, तिथल्या हॅमेलिन पूलमध्ये जिवंत स्ट्रोमॅटोलाइट वाढताहेत. तिथलं पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट! आणि काही गोड्या पाण्याच्या तळ्यांतही असल्या रचना सापडतात. म्हणजे नुसत्या कांद्याच्या आकारावरून 'उथळ' एवढं कळतं, 'गोडं की खारं' हे कळत नाही. त्याला दुसरा साक्षीदार लागतो.

आता नागपूर. इथला मामला रायपूरपेक्षा फार अलीकडचा, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा :) आपल्या शहराचा पश्चिम भाग काळ्या दगडावर बसलाय, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यावर. पूर्वेला गेलात की लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. आपण लाव्ह्याच्या अगदी काठावर राहतो. हा लाव्हा एका दमात आला नाही. एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग मोठी विश्रांती. त्या विश्रांतीत खळग्यांमध्ये पाऊस साचायचा, तळी व्हायची, कडेला झाडं उगवायची, गोगलगायी यायच्या. मग पुढचा लोट येऊन सगळं गाडून टाकायचा. दोन काळ्या थरांच्या मधे सँडविचसारखा सापडणारा हा तळ्याचा गाळ म्हणजे इंटरट्रॅपियन थर.

हे पहिल्यांदा नीट नोंदवणाऱ्यांत एक होते स्टीफन हिस्लॉप. हो, तेच, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आला आणि फावल्या वेळात दगड गोळा करत फिरला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात आपली टाकळी आहे. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं बघायला गेला असताना परतीच्या वाटेवर नदीच्या पुरात बुडून तो गेला.

तर टाकळीच्या आणि आसपासच्या थरांतले साक्षीदार कोण? तिघं महत्त्वाचे.

पहिली फायसा नावाची गोगलगाय. ही पाण्यातली, पण फुफ्फुसानं श्वास घेणारी. म्हणजे तिला हवेसाठी वर यावं लागतं. असल्या प्राण्याला खोल पाणी परवडत नाही, तो काठाकाठानं, वनस्पतींना धरून राहतो. शिवाय हिची ओळख सोपी. शंखाचं टोक वर करून तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं, हिचं डाव्या.

दुसरा साक्षीदार कारा, तळ्याच्या तळाशी वाढणारी पाणवनस्पती. तिच्या फळासारख्या भागाभोवती चुन्याचं कवच तयार होतं, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान, आणि त्यावर स्क्रूसारखे आटे. तिला स्वच्छ, संथ आणि तळापर्यंत उजेड जाणारं पाणी लागतं, बहुतेक वेळा गोडं.

तिसरे ऑस्ट्राकॉड, दोन शिंपल्यांच्या आत बसलेले बारीक जीव. दिसायला मुगाच्या डाळीचं छोटं रूप. यांच्या वेगवेगळ्या जाती गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यात राहतात, त्यामुळे खारेपणा मोजायला हे फार कामाचे. टाकळीकडचे गोड्या पाण्यातले.

तिघांची साक्ष जुळते. उथळ, गोडं, संथ तळं. फुटाळ्याचा काठ डोळ्यासमोर आणा, फक्त चौपाटीवरची गर्दी काढा आणि क्षितिजावर धूर ठेवा. केस क्लोज?

नाही ना. इथून उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलांच्या इंटरट्रॅपियन थरात निपा नावाच्या पामचं फळ सापडलं. के. पी. रोडे यांनी १९३३ मध्ये त्याची नोंद केली. निपा आज कुठे वाढतो? सुंदरबनात, खाडीच्या चिखलात, जिथे भरतीचं पाणी येतं. बंगाली लोक त्याच्या पानांनी घरं शाकारतात, गोलपाता म्हणतात त्याला. तो विदर्भाच्या सीमेवर काय करत होता?

आणि त्याच जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथल्या थरातून गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, धनंजय मोहबे वगैरे मंडळींनी २००९ मध्ये फोरामिनिफेरा सापडल्याचं प्रसिद्ध केलं. वाळूच्या कणाहून बारीक कवचं असलेले, समुद्राच्या पाण्यात तरंगणारे जीव. तेही असे, की जे डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळात आले. अरबी समुद्र तिथून सहाशे किलोमीटरहून लांब! त्यांचं म्हणणं असं की नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राचा एक फाटा काही काळ एवढा आत आला असावा.

मग टाकळीची फायसा खरी की झिलमिलीचे फोरामिनिफेरा? मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की दोन्ही खरे असू शकतात. झिलमिलीलाही अख्खा थर समुद्राचा नाही. खाली-वर जमिनीवरची माती आणि दलदलीचा गाळ, आणि मधे एक पातळ थर, ज्यात हे खाऱ्या पाण्याचे पाहुणे. म्हणजे खारं पाणी आलं, थोडा काळ थांबलं आणि गेलं. तोच दगड कुणी ढिगाऱ्यातून उचलून आणला असता, तर अख्ख्या जागेला समुद्र म्हणून मोकळे झालो असतो. किंवा वरचा तुकडा उचलला असता तर तळं म्हणालो असतो. जीवाश्म कोणता, याच्याइतकंच तो कितव्या थरात होता हे महत्त्वाचं. टाइमस्टॅम्प नसलेल्या लॉगच्या ओळीचं जे मोल, तेच थर माहीत नसलेल्या जीवाश्माचं. शोकेसमध्ये छान दिसतो, पण साक्ष देत नाही.

हे सगळं वाचत होतो तेव्हाच काटोल रोडवरचं आमचं जुनं घर पाडून झालं होतं. बाबांनी बिल्डरला दिलंय, चार मजली होणार. पायाचा खड्डा खणल्यावर एका शनिवारी मी बघायला गेलो. वर मुरूम, खाली फुटका काळा दगड, आणि त्याच्याही खाली हातभर जाडीचा राखाडी-पांढरा पट्टा. मग परत काळा. लहानपणापासून ज्या अंगणात क्रिकेट खेळलो त्याच्या खाली हे होतं!

खाली उतरलो तर मिस्त्री वरून ओरडला, "काय शोधून रायले भाऊ? सोनं-बिनं हाय का?"

"गोगलगाय," मी म्हटलं.

"घ्या!" तो म्हणाला. "आमाले वाटलं इंजिनियर हाय."

दोन तास होतो. मेजर टेपनं वरपासून पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजलं, पट्टी टेकवून फोटो काढले. पट्ट्यातल्या चकमकीसारख्या कडक दगडाच्या एका ढेकळावर अंगठ्याच्या पेराएवढा पीळ दिसला. टोक वर करून धरला. तोंड डावीकडे. मी उगाच तीनदा फिरवून पाहिलं.

बाबा खड्ड्याच्या काठावर उभे होते. हे घर त्यांनी कर्ज काढून बांधलेलं, गेले दोन महिने ते फारसं बोलत नव्हते. मी ढेकूळ वर दिलं. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे इथं आपल्या आधीपण कुणीतरी राहत होतं." मग विचारलं, "किती खोलावर मिळालं?" मी आकडा सांगितला. त्यांनी खिशातून पेन काढून तो ढेकळावरच लिहिला. आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलेला माणूस, लेबल नसलेली वस्तू त्यांना चालत नाही.

सोमवारी काँक्रीट पडलं.

मी काही शोध लावलेला नाही. टाकळीची फायसा दीडशे वर्षांपूर्वीच नोंदलेली आहे. पण आपल्या शेजारचं गिट्टीखदान घ्या. नावातच खाण आहे, गिट्टीसाठी दगड फोडायची. १९८४ मध्ये गाये, राज आणि राणा या तिघांनी तिथल्या थरातल्या माशांच्या आणि उभयचर-सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बारीक अवशेषांवर फ्रेंचमध्ये लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात 'गिट्टीखदान' आहे. आपण त्या नावाखाली ऑटोवाल्याशी भाव करतो! गावाबाहेरच्या अशा जागा आता गावात आल्यात. प्रत्येक नवीन पाया हा थर एकदा उघडतो आणि आठवडाभरात कायमचा झाकतो. टाकळीच्या बाजूला कधी खारं पाणी पोचलं होतं का, याचं उत्तर देणारा एखादा बोटभर थर असलाच, तर तो कुठल्यातरी अपार्टमेंटच्या पार्किंगखाली असेल.

इमारती थांबवा असं मी म्हणत नाही, आमचीच होतेय. पण पश्चिम नागपुरात कुठे पाया खणताना काळ्या दगडाच्या मधे पांढुरका पट्टा दिसला, तर आत उतरायची परवानगी मागा. फोटोत पट्टी ठेवा. जागा, तारीख, वरून किती फूट, हे लिहा. उचलायचंच असेल तर लिहिल्याशिवाय उचलू नका. आणि काही वेगळं वाटलं तर सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे, तिथे दाखवा. दोन तासांचं काम आहे. रविवारी एवीतेवी आपण तर्री-पोहे खाऊन झोपतोच.