एक ऑब्जेक्ट सेव्ह झालं नाही

आयबीएमने एएस/४०० बाजारात आणलं १९८८ साली, माझ्या जन्माच्याही आधी. पुढे त्याची आयसिरीज, सिस्टीम आय अशी बारशी होत राहिली, पण नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या क्लायंटकडे ते अजून ‘फोर हंड्रेड’च आहे. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं.

या मशीनवर फाइल, प्रोग्राम, युजर, सगळं ‘ऑब्जेक्ट’ असतं. डिस्कचा तुकडा वाचता येईना झाला किंवा ऐन लिहिताना वीज गेली, की ऑब्जेक्ट ‘डॅमेज’ होऊ शकतं. यादीत नाव दिसतं, वाचायला गेलं की मध्येच अडतं. इथे डॅमेज झाली होती कामगारांच्या सेवानोंदींची जुनी फाइल. कोण कधी लागलं, कधी कायम झालं. एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही, पण कुणी रिटायर झालं की ती लागते. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. वर्षं हरवली, की पैसे हरवले.

बॅकअप होता की! रोज रात्री टेपवर, आणि रोज सकाळी ‘बॅकअप कम्प्लीट’. टेपवर ती फाइलच नव्हती. खराब ऑब्जेक्ट लागलं की सिस्टीम ते वगळून बाकीचं सेव्ह करते आणि शेवटी सांगते, इतकी झाली, एक झालं नाही. तिने रोज सांगितलंही. पण बॅकअपच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी कधीकाळी सीपीएफ०००० पकडणारी ओळ घातली होती, म्हणजे कुठलीही तक्रार आली तरी गिळ आणि पुढे चल. रात्री दोनला फोन नको म्हणून घातली असणार. मला त्याचा रागही येत नाही. चांगली प्रत असलेल्या टेपा तोवर फिरून पुसल्या गेल्या होत्या.

हे जुन्या मशीनचंच दुखणं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा डेटाबेस उडाला, तेव्हा बॅकअप फेल झाल्याचे त्यांचे ईमेल परस्पर नाकारले जात होते, असं निघालं.

सुट्टीच्या दिवशी सगळ्या सबसिस्टीम बंद करून ‘रिक्लेम स्टोरेज’ चालवलं. उपयोग शून्य. मग रेकॉर्ड नंबर देऊन खराब भागाच्या अलीकडचं कॉपी केलं, मग पलीकडचं. मधले तीनशेच्या आसपास गेले.

ते मिळाले गोडाऊनमध्ये, १३२ कॉलमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कागदावर. टाइम ऑफिसातून रिटायर झालेले एक काका आले. ते वाचायचे, मी टाइप करायचो. उंदरांनी कुरतडलेल्या तारखा ते आठवून सांगत, पण त्या मी वेगळ्या रंगात ठेवल्या. “बाळा, लिही रे, मला पक्कं माहितीये,” म्हणाले. तरी ठेवल्या. अकरा नावांचा कागदच सापडला नाही. त्यांना नेमणुकीचं पत्र घेऊन यायला सांगितलंय. नऊ जण आले.

ती ओळ मी काढून टाकली. त्याच रात्री पावणेतीनला फोन वाजला. आणखी दोन ऑब्जेक्ट्स सेव्ह झाली नव्हती.