रिमोट कोणाच्या हातात?

चळवळीत वाढलेल्या माणसांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर रिमोटच्या गाड्या पळवाव्यात का? गेल्या हिवाळ्यापासून हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. कोणी हसत विचारतो, कोणी चिडून. "काऊन बे, तुमची पोरं शाळेत जायला लागली अन् तुम्हीच गाड्या खेळता?" हा मित्रांचा प्रश्न. "समाजापुढे एवढे प्रश्न उभे असताना हे चोचले कशाला?" हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा. मित्रांना चहा पाजून गप्प करता येते. ज्येष्ठांना उत्तर द्यावे लागते, कारण त्यांच्या प्रश्नामागे आयुष्यभराचा त्याग आहे. म्हणून हा लेख.

आधी ही गाडी म्हणजे काय ते सांगतो. आरसी बग्गी म्हणजे जत्रेत मिळणारे खेळणे नव्हे. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची, साधारण हातभर लांबीची ही गाडी असते. चारही चाकांना स्वतंत्र शॉक अॅब्जॉर्बर असतात आणि त्यांत सिलिकॉन तेल भरलेले असते. मागे डिफरन्शियल, पुढे स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो, मधे मोटर आणि तिचा वेग सांभाळणारे सर्किट. प्रत्येक स्क्रू उघडतो. मोडलेला भाग काढून नवा बसवता येतो. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या बग्ग्या आणल्या, १९८४ मध्ये 'हॉर्नेट' आणली आणि जगभर या खेळाचे वेड पसरले. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेल मार येथे या मापाच्या विजेवर धावणाऱ्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

आता आमचे. आम्ही चौघे उत्तर नागपूरचे. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या आधारावर इंजिनिअरिंगला गेलो. २००९ ते २०१२ हा आमचा कॉलेजचा काळ. तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टेक्निकल फेस्टमध्ये आरसी गाड्यांच्या शर्यती जोरात होत्या. आमच्या कॉलेजातही टीम होती. गाडी वर्गणीतून घ्यायची. ज्याची वर्गणी मोठी, त्याच्या हातात रिमोट. आमची वर्गणी कमी, म्हणून आमच्याकडे सोल्डरिंग, बॅटऱ्या चार्ज करणे, मोटरच्या टोकावरचे पिनियन बदलणे, दोन फेऱ्यांच्या मधे टायर पुसणे. "तुमचा हात सोल्डरिंगला फार चांगला आहे रे," असे कौतुक व्हायचे. या कौतुकाचा अर्थ कळायला आम्हाला वेळ लागला नाही. तुम्ही तिथेच चांगले आहात, तिथेच राहा, हा तो अर्थ.

कोणी आमची जात विचारली नव्हती. विचारण्याची गरजही नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये दाखवून दिले की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावून केलेली वाटणी आहे. ही उतरंड खेळाच्या मैदानातही उतरते, हे पळवणकर बाळूंच्या चरित्रात दिसते. पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा हा चर्मकार तरुण साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. घाम गाळणारी गोलंदाजी त्याच्याकडे, पण बॅट क्वचितच हातात. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. आम्ही स्वतःला बाळूंच्या पंक्तीला बसवत नाही. पण गोलंदाजी तुमची, बॅट आमची, ही रीत आम्ही त्या फेस्टच्या मांडवात पाहिलेली आहे.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांतून दोन हात फिरून आलेली एक बग्गी विकत घेतली. काही महिने ती आमच्या हातात राहिली. मग कॉलेज संपले. एकजण नोकरीसाठी पुण्याला गेला, एक स्पर्धा परीक्षेला बसला, एकाच्या घरी वडील निवृत्त झाले, एकाच्या घरी बहिणीचे लग्न होते. गाडी पेटीत घालून माळ्यावर गेली ती तेरा वर्षे तिथेच राहिली. आपल्या घरांमध्ये छंद असाच जातो. त्याला कोणी बंदी घालत नाही, फक्त त्याची पाळी कधी येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर चौघेही पुन्हा नागपुरात जमलो आणि पेटी उघडली. टायरचे रबर कडक होऊन तडकले होते. शॉकमधले तेल रबरी रिंगांतून झिरपून गेले होते. डिफरन्शियलमधले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ७.२ व्होल्टची जुनी बॅटरी चार्ज घेईना. सांगाडा मात्र शाबूत. एका रविवारी सगळे स्क्रू उघडून केरोसिनऐवजी साध्या साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने ती साफ केली. सीताबर्डीतून बेअरिंगे आणली. बाकी सुटे भाग ऑनलाइन मागवले.

या तेरा वर्षांत खेळ बराच बदलला. आमचा जुना रिमोट २७ मेगाहर्ट्‌झचा, त्यात छोटा क्रिस्टल घालायचा. दोघांकडे एकच क्रिस्टल असला की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी भरकटायची. आता २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट आहेत. रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे दहा गाड्या एकदम धावल्या तरी गोंधळ होत नाही. कार्बन ब्रशवाल्या मोटरच्या जागी ब्रशलेस मोटर आली. बॅटरी लिपो झाली. ही बॅटरी ताकदवान, पण हट्टी. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, ३ च्या खाली उतरवायचा नाही, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही बॅटरी बंद कारमध्ये किंवा टिनाच्या खोलीत विसरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि बोटे? सरळ रस्त्यावर गाडी लगेच जमली. पण गाडी दूर जाते तेव्हा तिचा उजवा तो आपला उजवा, आणि ती वळून आपल्याकडे येऊ लागली की तिचा उजवा आपला डावा होतो. पहिल्या दिवशी आम्ही चौघांनीही गाडी विटांवर घातली. उडीचेही तसेच. गाडी हवेत असताना गॅस दिला तर तिचे नाक वर उठते, ब्रेक मारला तर खाली झुकते. चाकांच्या फिरण्याचा हा परिणाम पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिला होता. बोटांना तो कळायला पुन्हा दोन महिने लागले.

परदेशात या खेळाकडे परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तामियाने जुन्या बग्ग्या पुन्हा बाजारात आणल्या त्या याच लोकांसाठी. लहानपणी वाढदिवसाला मिळालेली 'हॉर्नेट' ते चाळिशीत पुन्हा विकत घेतात. ते बालपणाकडे परततात. आमचे परतणे तसे नाही. १९८४ मध्ये 'हॉर्नेट' निघाली तेव्हा उत्तर नागपुरातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष एम्प्रेस मिलच्या पाळीवर जात होते. १८७७ मध्ये सुरू झालेली ती गिरणी पुढे बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. आमच्या आजोबांनी यंत्र आयुष्यभर हाताळले, पण मालकाच्या वेळेवर आणि मालकासाठी. तेही हवे ते यंत्र नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. तेव्हा, मित्रहो, आम्ही ज्याकडे परतलो आहोत ते आमचे हरवलेले बालपण नाही. तो आमच्या हातात कधी पुरता न आलेला रिमोट आहे.

इथे ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू ठामपणे घेतली. त्यांचा युक्तिवाद असा की माणसाला पशूपेक्षा वेगळे करते ती संस्कृती, संस्कृतीला फुरसत लागते, आणि यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत मिळू शकत नाही. चरख्याकडे परत चला हे सांगणे ज्यांच्या घरी फुरसत पिढीजात आहे त्यांना परवडते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा केला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ते कमी झालेले सहा तास कशासाठी होते? फक्त झोपण्यासाठी नव्हते. आणि स्वतः बाबासाहेबांनी, राज्यघटना आणि ग्रंथलेखनाच्या धकाधकीच्या वर्षांत, व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांना कोणी विचारले असेल का, की समाजापुढे एवढे प्रश्न असताना हे कशाला?

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. आपल्या नागपुरात 'झुंड' चित्रित झाला, वस्तीतल्या मुलांचे फुटबॉल सगळ्या देशाने पाहिले. पण फुटबॉलला एक चेंडू वीस मुलांना पुरतो. बग्गीला मोटर, बॅटरी, चार्जर, रिमोट सगळे लागते आणि हिशेब बघता बघता पाच आकड्यांत जातो. हा खेळ जर 'ज्याची त्याची गाडी' या नियमाने चालला, तर आम्ही फक्त आपल्यातलाच एक नवा खातापिता क्लब उघडू. ते आम्हाला नको होते. म्हणून आम्ही गाड्या सामाईक ठेवल्या आहेत. सध्या तीन आहेत. वर्गणी कोणी किती दिली हे वहीत लिहिले जाते, पण रिमोटची पाळी चिठ्ठी टाकून ठरते. जो चालवतो तो आधी उघडतो आणि नंतर साफ करतो. नुसता चालक किंवा नुसता मेकॅनिक असा कोणी नाही.

यासाठी आम्हाला नवे तत्त्वज्ञान शोधावे लागले नाही. या खेळातच एक जुनी रीत आहे. पाच मिनिटांची फेरी संपली की ज्यांनी गाडी चालवली त्यांनी रिमोट खाली ठेवायचा आणि पुढच्या फेरीसाठी ट्रॅकच्या वळणांवर जाऊन उभे राहायचे. कोणाची गाडी उलटली की धावत जाऊन सरळ करायची. याला मार्शल म्हणतात. स्वतःची फेरी झाली की घरी निघून जाणाऱ्याला क्लबात मान नसतो. शिकून, नोकरीला लागून, फ्लॅट घेऊन वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांबद्दल आपण सभांमध्ये किती बोलतो! इथे तीच गोष्ट दर पाच मिनिटांनी, भाषणाशिवाय, पायाला माती लावून शिकावी लागते.

ट्रॅकही आम्हीच केला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकटते, म्हणून वर मुरूम टाकला, पाणी मारले, चोपून घेतला. कडेला जुने प्लास्टिकचे पाइप. सकाळी नऊपर्यंत खेळ, कारण पुढे ऊन. वस्तीतली मुले पहिल्या दिवसापासून जमली. त्यांतली नववीतली एक मुलगी आज आमच्या चौघांपेक्षा कमी वेळात फेरी मारते. पहिल्यांदा तिच्या हातात रिमोट दिला तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुटली तर?" आम्ही म्हणालो, "तुटली तर तूच जोडशील." तुटली. तिने जोडली. पुढचा सस्पेन्शन आर्म होता, चार स्क्रूंचे काम. हा "तुटली तर?" कुठून येतो ते आपल्या सर्वांना माहीत आहे. ज्या घरात वस्तू दुसऱ्यांदा विकत घेता येत नाही, तिथे मूल यंत्राला हात लावायला घाबरते. प्रयोगशाळेतही ते मागे उभे राहते. मग शिक्षक म्हणतात, यांना प्रॅक्टिकलमध्ये गती नाही.

कोणी म्हणेल, मग सरळ सांगा ना की यातून करिअर होते. होतेही. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, २.४ गिगाहर्ट्‌झचा दुवा, हे सगळे ड्रोनमध्येही असते. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर ड्रोन पायलटच्या प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम निघाले आहेत आणि आमच्या दोन मुलांचा तिकडे ओढा आहे. त्याचा आनंद आहे. पण आम्ही या खेळाची बाजू त्या आधारावर मांडणार नाही. श्रीमंताचे मूल गाडी पळवते तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की यातून पुढे काय. आपल्या मुलाने मात्र प्रत्येक तासाची पावती दाखवायची. अभ्यास, नोकरी, चळवळ, यांपैकी काहीतरी त्या तासातून निघालेच पाहिजे. ही अट आपल्यावर बाहेरून लादली गेली आणि आता आपणच ती आपल्या मुलांवर लादत आहोत. फुरसत हा गुन्हा नाही, तो हक्क आहे, आणि हक्क मागताना उपयोगाचा दाखला जोडावा लागत नाही.

ज्येष्ठांना आमची विनंती एवढीच. मोर्चा असेल त्या रविवारी आम्ही मोर्चात असू, गाड्या पेटीत राहतील. मोर्चा नसेल त्या रविवारी सकाळी सातला तुम्ही या. बूट घालून या, कारण तुम्हालाही वळणावर मार्शल म्हणून उभे राहावे लागेल. आणि चिठ्ठी निघाली तर रिमोट तुमच्या हातात येईल. आमच्या पोरांना शिकवायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. डावे-उजवे कसे उलटते, एवढे ती तुम्हाला शिकवतील.