मधलं शिजलं का?

शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या बेकरीचा सकाळचा पाव साडेपाचला निघायचा. २५ डिसेंबरला त्या वेळी सासूबाई आणि मी स्वेटर-स्कार्फ घालून भट्टीच्या दारात उभ्या असायचो. हातात जड पितळी परात. परातीत भरून शिवलेली कोंबडी, वर तूप लावलेलं केळीचं पान. नाशिकची डिसेंबरची थंडी हाडात शिरणारी, आणि समोर भट्टीच्या तोंडातून येणारी पावाच्या वासाची धग. परात लगेच आत जात नसे. भट्टीवाले चाचा चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचे. मैदा पडता पडता काळा झाला, तर म्हणायचे, "भाभी, अजून उतरू द्या. आत्ता टाकली तर कातडी जळेल आणि पोटात कच्ची राहील." थोड्या वेळाने पुन्हा चिमूट टाकायचे. मैदा सावकाश बदामी झाला, की लांब दांड्याच्या फळीवरून परात आत सरकायची.

उपासना आटोपून आम्ही परत यायचो, तेव्हा पान करपून काळं झालेलं असायचं आणि त्याखाली कोंबडीला खारकेचा रंग चढलेला असायचा. बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सासूबाई मात्र रंगाकडे बघतही नसत. पिशवीतून विणकामाची लोखंडी सुई काढायच्या, पुसायच्या, कोंबडीच्या पोटात अगदी मध्यापर्यंत खुपसायच्या आणि मनात वीस आकडे मोजायच्या. मग सुई बाहेर काढून टोक मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायच्या. चटका बसला तर परात घरी. नुसती कोमट लागली तर परात पुन्हा भट्टीत. त्यांचा प्रश्न एकच असे, "मधलं शिजलं का?"

आज तीस वर्षं मी नाताळचा पक्षी भाजते आहे. आधी घरासाठी, मग नात्यागोत्यात, आता दरवर्षी काही मोजक्या घरांसाठी. जे काही शिकले, ते सगळं या एका प्रश्नात मावतं.

आमचं शरणपूर जुनं. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे ख्रिस्ती वस्ती उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे राहिली, शिकली. डेव्हिड लिव्हिंगस्टनचा देह आफ्रिकेतून १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला, तेव्हा सोबत असलेला जेकब वेनराइट इथेच शिकलेला होता. अशा वस्तीचा नाताळ म्हणजे फराळाचा सण. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. शेजारच्या घरी दिवाळीला जे होतं तेच आमच्याकडे डिसेंबरात. केक नंतर आला. जेवणात कोंबडी किंवा मटण. टर्की आमच्या ताटात पाहुणी म्हणूनच येते. एखाद्या वर्षी परदेशातली मुलं घरी येतात, त्यांना हवी असते, म्हणून मुंबईहून गोठवलेली मागवायची; किंवा कुणी हौसेने चार पक्षी पाळले असतील तर त्यांच्याकडून घ्यायची.

ही पाहुणी मूळची अमेरिका खंडातली. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तिला युरोपात नेलं आणि ती नेमकी कुठली, याचा सगळ्यांचाच गोंधळ झाला. इंग्रजांना ती तुर्कस्तानची वाटली. फ्रेंचांनी तिच्या नावात हिंदुस्थान घातला, डचांनी आपलं कालिकत. खुद्द तुर्की भाषेत तिला 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीज तिला 'पेरू' म्हणतात, आणि आपल्याकडे त्याच नावाचं एक फळ आहे. आपल्या देशातही ती फार पूर्वीच येऊन गेली. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ पशुपक्षी आणले, त्यात एक टर्की होती. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याच्या लोंबत्या लाल कातडीची एकेक सुरकुती त्याने अशी रंगवली आहे, की पक्षी समोर उभा राहून बघतो आहे असं वाटतं. मला ते चित्र फार आवडतं. ज्या प्राण्याला आपण ताटात घेणार, त्याला एकदा नीट बघायला हवं, असं ते सांगतं.

माझी पहिली टर्की पाच किलोची होती. तोवर बेकरीतली लाकडाची भट्टी जाऊन विजेची आली होती, म्हणून मी घरच्या ओव्हनमध्ये भाजायचं ठरवलं. कोंबडीची सवय. सारण दाबून दाबून भरलं, उरलेलंही कोंबलं, पोट शिवून टाकलं. तीन तासांनी असा रंग आला की घरभर लोकांनी फोटो काढले. सासूबाईंची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "मधलं बघितलंस?" मी म्हटलं, "रंग बघा ना आई, किती छान आलाय!" टेबलावर पोट उघडलं, तर कडेचं सारण वाफाळलेलं आणि मधला गोळा कोमट, त्यातली कलेजी लालसर, कच्ची. अठरा माणसं ताटं घेऊन बसलेली. सगळं सारण मी कढईत काढलं, मांस पुन्हा ओव्हनमध्ये गेलं. जेवण दीड तासाने झालं. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, रंग बघून करंजी उतरवतात. भरलेला पक्षी नाही."

असं का झालं, हे मी त्यानंतर समजून घेतलं. ओव्हनची उष्णता बाहेरून आत जाते, आणि मांसातून, सारणातून ती फार हळू सरकते. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला तिला जवळपास चौपट वेळ लागतो. भरलं वांगं आपण गच्च भरतो आणि ते बिघडत नाही, कारण त्याचा मध्य कडेपासून दोन बोटांवर असतो. टर्कीचा मध्य त्याहून कितीतरी आत असतो. पोट रिकामं असेल तर गरम हवा आतूनही फिरते. सारण भरलं की ती वाट बंद होते आणि पक्षी एक अखंड गोळा होतो. त्यात भाजताना मांसाचा कच्चा रस त्याच सारणात झिरपतो. म्हणून सारण नुसतं गरम होऊन चालत नाही, ते ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायलाच हवं. दुसरीकडे छातीचं मांस ७० अंशांच्या पुढे कोरडं पडू लागतं आणि मांडी मऊ व्हायला त्याहून जास्त उष्णता मागते. छाती, मांडी आणि सारण या तिघांचं एकाच वेळी भागवणं, हीच या कामातली खरी कारागिरी.

आता मी चार किलोच्या वरचा पक्षी घेत नाही. माझ्या ओव्हनमध्ये तेवढाच चहूबाजूंनी मोकळा बसतो. गोठवलेला असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्याला पुरते दोन दिवस देते. ओट्यावर ठेवून घाई केली तर बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं आणि आत बर्फ तसाच राहतो. आदल्या दिवशी आतून-बाहेरून मीठ चोळते, किलोला दहा ग्रॅम. पाकिटावर मिठाचं पाणी आधीच टोचल्याचं लिहिलेलं असेल तर मीठ लावत नाही. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि मग तेच खारं पाणी हळूहळू आत मुरतं. रात्रभर पक्षी फ्रिजमध्ये उघडाच ठेवते, म्हणजे कातडी सुकते. ओली कातडी आधी वाफेत शिजते, तिला कुरकुरीतपणा येत नाही.

सारणाबद्दल घरात बरीच चर्चा झाली. भाचीने परदेशातून कृती पाठवली: सेज, चेस्टनट, क्रॅनबेरी. मी मन लावून केलं, पण कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. मग मी आमच्या कोंबडीच्या सारणाकडे वळले. दोन दिवसांचा शिळा पाव हाताने कुस्करून मंद आचेवर कोरडा भाजते. कांदा बारीक चिरून तुपात परतते, आणि इथे डिसेंबर लक्षात ठेवावा लागतो. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा तोवर संपत आलेला असतो, आणि बाजारात नवा लाल कांदा येतो. त्यात पाणी जास्त, म्हणून तो परतायला जास्त वेळ लागतो. घाईत उतरवला तर सगळं सारण ओलसर होतं. कांदा पुरता तांबूस झाला की त्यात कलेजी घालून पूर्ण शिजवते, अर्धवट नाही. मग बेदाणे, भरपूर कोथिंबीर, मिरी आणि अर्धा चमचा घरचा काळा मसाला. त्यातल्या दगडफुलाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास टर्कीच्या सौम्य मांसाला असा धरतो, की जेवणाऱ्याला पक्षी परका वाटत नाही.

इथे मला टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी चर्चला अभंग दिले, भजन दिलं, कीर्तन दिलं. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, त्या तर आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. बाहेरून आलेली गोष्ट आपल्या जिभेवर रुळायची असेल, तर तिच्या आतलं सगळं आपल्या भाषेचं असावं लागतं, हे त्या दोघांना कळलं होतं. नाताळच्या सकाळी देवळात पेटीवर आणि टाळांवर टिळकांचं भजन सुरू होतं, आणि घरी ओव्हनमधून काळ्या मसाल्याचा वास येतो, तेव्हा मला या दोन्ही गोष्टी सख्ख्या बहिणी वाटतात.

भरण्याची वेळ महत्त्वाची. आदल्या रात्री भरून ठेवणं धोक्याचं. थंड पोटात ओलं सारण रात्रभर राहिलं तर त्यात जंतू वाढतात. ओव्हन तापला की मी गरम सारण चमच्याने सैल सोडते, दाबत नाही, आणि वरून दोन बोटं जागा रिकामी ठेवते. रस पिऊन पाव फुगतो, त्याला ती जागा लागते. उरलेलं सारण वेगळ्या भांड्यात भाजायचं. छातीच्या कातडीखाली हात घालून लोणी पसरवायचं, पाय सुतळीने बांधायचे. ओव्हन १६५ अंशांवर. छाती हवा तेवढा रंग धरते, तेव्हा तिच्यावर केळीचं पान आणि त्यावर फॉइल. भट्टी गेली, पान मी सोडलेलं नाही. चार किलोला तीन ते साडेतीन तास लागतात, पण घड्याळ फक्त अंदाज देतं.

निर्णय सुई देते. आता माझ्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता एकदा, छातीत एकदा, आणि मग पोटातून सारणाच्या मधोमध. तिथे आकडा साठच्या पुढे हळूहळू चढतो. ७१, ७२... या शेवटच्या दोन-तीन अंशांना कधी वीस मिनिटं लागतात. पाहुणे आलेले असतात, मुलं भुकेली असतात, रंग तर कधीचाच झालेला असतो. ती वीस मिनिटं निमूट थांबणं, हे मला या कामाने शिकवलं. ७४ दिसलं की बाहेर. मग अर्धा तास हात लावायचा नाही. लगेच कापलं तर सगळा रस परातीत जातो. कापण्याआधी सारण पूर्ण काढून वेगळ्या भांड्यात वाढायचं. उरलेलं पोटात ठेवून फ्रिजमध्ये टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी हाडांचा काळ्या मसाल्यातला रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे काहीजण त्याच जेवणाची जास्त वाट बघतात.

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची सुई माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे. थर्मामीटरने ७४ दाखवल्यावरही मी ती एकदा मध्यापर्यंत खुपसते आणि मनगटाला लावते. आता सून शेजारी उभी असते, आणि प्रश्न ती विचारते.

या नाताळात तुम्ही कोंबडी भरा, टर्की भरा, बदक भरा. सारण तुमच्या घराचं असू द्या. सैल भरा, दोन बोटं जागा सोडा. आणि रंगावर भाळून सुरी उचलू नका. आधी मधलं शिजलं का, ते बघा.