हप्ता तोच, वर्षं वाढली

‘मॅडम, हप्ता वाढलाय का तुमचा? नाही ना? मग तक्रार कसली?’ बँकेतल्या त्या अधिकाऱ्याचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

मी कर्ज काढून एमबीए केलं, नवऱ्याने कर्ज काढून इंजिनिअरिंग. त्याचं कर्ज चार लाखांच्या आतलं, त्यामुळे तारण लागलं नाही. माझं साडेसात लाखांच्या वर गेलं, म्हणून बाबांच्या डोंबिवलीतल्या वन रूम किचनचे कागद बँकेत गेले. लग्न ठरताना माझ्या कर्जाची चौकशी दोन्हीकडच्या नातेवाइकांनी केली, त्याच्या कर्जाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. असो. लग्नानंतर कोपरला भाड्याने राहायला आलो. इथे धिम्या लोकलच थांबतात, पण भाडं आमच्या आवाक्यातलं होतं.

आमच्यात एकाच विषयावरून खटके उडायचे. तो म्हणायचा, हप्ते चालू राहू देत, पण दर महिन्याला एसआयपी आणि पीपीएफमध्ये पैसे पडलेच पाहिजेत, नाहीतर चाळिशीत आपण कर्जमुक्त असू आणि कफल्लकही. माझं म्हणणं होतं, आधी देणं संपवा. कर्जाला 11 टक्क्यांच्या वर व्याज भरायचं आणि 7.1 टक्के देणाऱ्या पीपीएफमध्ये पैसे टाकायचे, हा कुठला हिशोब? शिवाय माझ्या डोळ्यांसमोर बाबांच्या घराचे कागद असायचे. शेवटी त्याची एसआयपी चालू राहिली आणि माझा बोनस मुद्दलात जाईल असं ठरलं.

2024 मध्ये आम्ही स्वतःच्या घरासाठी विचारपूस सुरू केली. गृहकर्जासाठी आधीच्या कर्जांची स्टेटमेंट्स लागतात, म्हणून मी माझं मागवलं. एप्रिल 2022 मध्ये हप्ते सुरू झाले तेव्हा रक्कम होती 10 लाख, व्याज 9 टक्के, मुदत 10 वर्षं, हप्ता 12,668 रुपये. म्हणजे शेवटचा हप्ता मार्च 2032 मध्ये. स्टेटमेंटच्या पहिल्याच पानावर, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत शेवटच्या हप्त्याची तारीख होती: एप्रिल 2034.

आधी वाटलं छपाईची चूक असेल. संध्याकाळी कोपर स्टेशनवरच्या बाकावर बसून नवऱ्याने मोबाइलवर गणित मांडलं. वरच्या पुलावरून दिवा–वसई गाडी धडधडत गेली, आम्ही दोघं आकड्यांतच होतो. चूक नव्हती. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. आमचा दर बदलता, त्यामुळे तो 9 वरून 11.5 झाला. दर वाढणार हे मला मान्य आहे, मी सही केलीच होती. पण बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत गुपचूप दोन वर्षांनी लांबवली. जास्तीचे 25 हप्ते, म्हणजे तीन लाखांच्या वर रक्कम. त्याच वेळी विचारलं असतं, तर महिन्याला साधारण दीड हजार जास्त भरून आम्ही 2032 मध्येच मोकळे झालो असतो. दीड हजार आम्ही भरले असते! भिशी बंद करून भरले असते.

विचारलंच नाही कोणी. एटीएममधून पाचशे काढले तरी ज्या बँकेचा मेसेज येतो, ‘तुमच्यासाठी खास कर्ज मंजूर’ म्हणून जी आठवड्याला फोन करते, तिने माझ्या आयुष्यातली दोन वर्षं वाढवली तेव्हा एका ओळीचा मेसेज केला नाही. आणि वर तो अधिकारी शांतपणे सांगतो, ‘सिस्टमने आपोआप केलं.’ ऑगस्ट 2023 मध्येच रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं होतं: दर बदलला की कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय द्या, दर तिमाहीला किती हप्ते उरलेत ते सांगा. जुन्या कर्जांनाही हे 31 डिसेंबर 2023 पर्यंत लागू करायचं होतं. मी ते परिपत्रक मोबाइलवर उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं आणि ‘अर्ज देऊन ठेवा’ म्हणाला.

अर्ज दिला, पोच घेतली. पुढे हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास वाढवून घेतला आणि मुदत परत 2032 वर आणली. झालेल्या नुकसानीबद्दल कोणी ब्र काढला नाही.

अर्ज दिला त्या रात्री नवरा इतका चिडला की म्हणाला, एसआयपी मोडतो, सगळं कर्ज एकदम फेकतो त्यांच्या तोंडावर. आणि इतकी वर्षं ‘आधी कर्ज’ म्हणणारी मी म्हणाले, अजिबात मोडायची नाही. ज्यांना न विचारता आपली वर्षं बदलता येतात, त्यांच्याशी व्यवहार करताना आपल्या नावावर, आपल्या हुकमातले पैसे असायलाच हवेत. मग 7.1 टक्के का असेनात. टक्केवारीच्या हिशोबात मी आजही बरोबर आहे असं मला वाटतं, तरी एसआयपी चालू आहे आणि पीपीएफही.

कर्ज अजून फिटलेलं नाही. घरही अजून भाड्याचंच आहे. पण डाउन पेमेंटची निम्मी रक्कम जमली आहे, आणि ती कर्ज फेडता फेडता जमली आहे.

ज्यांचं शैक्षणिक कर्ज चालू आहे, त्यांना कळकळीने सांगते. हप्ता किती हे सगळ्यांना पाठ असतं; हप्ते किती उरले ते विचारा, आणि लेखी विचारा. 2025 मध्ये रेपो दर 5.25 पर्यंत खाली आला, तो तुमच्या खात्यात उतरला का ते तपासा. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि तारण ठेवलं असेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर 30 दिवसांत कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तिने द्यायची असते. ती सोडू नका.