अक्षरे मुकी होण्यापूर्वी

संगणक व भ्रमणध्वनी हे माझे नित्याचे सोबती. वडिलांनी पूर्वी संगणकावर लिहून ठेवलेल्या आठवणी नव्या यंत्रावर उघडल्या, तो पानभर निरर्थक चिन्हे! त्या काळी प्रत्येक फाँट मराठी अक्षरांना आपापले क्रमांक देई. तो फाँट नसला की मजकूर मुका होई. १९९१ साली अवतरलेल्या युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक सर्वत्र २३२५च. म्हणूनच भ्रमणध्वनीवर लिहिलेले माझे पत्र परप्रांती बहिणीच्या संगणकावर जसेच्या तसे उमटते. वडिलांचा मजकूर मी युनिकोडमध्ये उतरविला; बिघडलेली जोडाक्षरे त्यांनीच शेजारी बसून सुधारली. आपल्या घरीही अशा जुन्या फायली असतील, तर लिहिणारे जवळ आहेत तोवरच हे काम करून घ्यावे.