तोलामोलाची जोड

जत्रेतील कुस्त्यांचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, मैदानाचे निम्मे यश लाल मातीच्या काठावरच ठरते. सातारा-सांगलीच्या मुलखात हलगी कडाडू लागली, की पोरे लांग चढवून पंचांपुढे उभी राहतात. एखादा जुना वस्ताद दोघांचे दंड चाचपतो, तालीम कोणती म्हणून विचारतो, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतो. जोड विजोड लागली, तर कुस्ती क्षणात संपते आणि पंचांस चारचौघांत बोल ऐकावे लागतात.

अंगणातील मुलेही हेच करीत. बरोबरीचे दोन गडी बाजूस जाऊन गुप्त नावे घेत. मग म्होरक्यांनी ‘चंद्र’ किंवा ‘सूर्य’ मागून आपापला भिडू निवडावा. पक्ष आपोआप समतोल होत. जो अगदीच लहान, तो लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नसे. पण थोरांत वावरून तो खेळ शिके.

सांगलीस शिकणारा आमचा पुतण्या मोबाइलवर जो खेळ खेळतो, त्यात पाच गडी इकडे व पाच तिकडे असतात, आणि बहुधा कोणी कोणास ओळखत नाही. तेथे वस्तादाचे काम गणित करते. ह्या गणिताचे मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो ह्या अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. गुणांक सारखे असतील, तर दोघांची आशा समसमान. एकाचा दोनशेंनी अधिक असेल, तर त्याच्या पदरी चारांतील सुमारे तीन गुण पडावेत. अनपेक्षित विजयाने गुणांक पुष्कळ वाढतो, अपेक्षित विजयाने थोडा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००५ च्या सुमारास हाच विचार पक्षांच्या खेळास लागू केला. तिचे यंत्र गड्याच्या अंदाजी कौशल्याबरोबर त्या अंदाजाचा भरवसाही मोजते, आणि भिडूंच्या कौशल्यांची बेरीज करून दोन्ही पारडी सारखी करू पाहते.

“काका, वर्षभर खेळून हात बसला, तरी निम्मे डाव मी हरतोच,” असे पुतण्या एकदा कुरकुरला. आम्ही म्हटले, “बाळ, जोड उत्तम लागल्याचीच ही खूण. तू चढतोस तसा तुझा प्रतिस्पर्धीही चढतो.” उत्तर बिनचूक होते, पण त्याचे समाधान झाले नाही, आणि विचाराअंती त्याच्या असमाधानात आम्हांस तथ्य दिसू लागले.

मल्लास मैदानात बरोबरीचा गडी लागतो. पण तालमीत लागतो तो थोरला. थोरला पठ्ठ्या पोरास रोज चीत करतो, आपले बळ त्यास पेलेल इतकेच लावतो, आणि मग डाव कोठे चुकला ते दाखवितो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना असा पहिला वस्ताद घरीच, वडिलांच्या रूपाने, लाभला होता. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. यंत्र मैदान उत्तम भरविते. डाव संपताच पांगणाऱ्या परक्या गड्यांची तालीम मात्र त्यास भरविता येत नाही.

ही गोष्ट केवळ खेळापुरती असती, तर तिच्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडण्याची चाल आम्ही अध्यापनाच्या उभ्या हयातीत पाहत आलो आहो. नव्वद टक्क्यांची मुले एकीकडे, पन्नास टक्क्यांची दुसरीकडे. आणि न्याय झाला म्हणून पालकही संतुष्ट. परीक्षेपुरता तो न्याय असेलही. परंतु मागच्या तुकडीतील मुलास शेजारी बसून गणित उलगडून दाखविणारा सोबती त्यामुळे दुरावतो, आणि पुढच्या तुकडीतील मुलास दुसऱ्यास शिकविता शिकविता स्वतः पक्के होण्याची संधी मिळत नाही. मुलाची तुकडी कोणती, हे पालक आम्हांस नेहमी विचारतात. त्याला हरवून पुन्हा उठविणारे कोणी त्याच्याजवळ आहे काय, हेही त्यांनी विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.