शुक्रवारींतील छत्र्या

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेवरील ॲडिसनचा निबंध आम्ही पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. तो १७११ सालीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांत प्रसिद्ध झाला, आणि १७१९ मध्यें खुद्द ॲडिसनलाहि त्याच मंदिरांत मूठमाती मिळाली. एकीनें दुसरीला बंदींत टाकलें, अशा मेरी व एलिझाबेथ या सावत्र बहिणी तेथें एकाच थडग्यांत निजल्या आहेत, हें सांगतांना आमचा कंठ दरसाल न चुकतां दाटून येतो. यंदा एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, आपले राजे कोठें आहेत?”

ठिकाणाचें नांव आम्हांस ठाऊक होतें. पाऊल मात्र कधीं पडलें नव्हतें.

त्या रविवारीं आम्ही कोराडीहून निघालों. घराजवळच्या जगदंबेच्या देवळांत पहांटेपासून रीघ लागली होती. नागपुरांत जुन्या शुक्रवारींतील भोसल्यांच्या छत्र्यांपाशीं पोंचलों, तों पतंग उडविणाऱ्या एका मुलावांचून तेथें कोणी नव्हतें. त्यानें आम्हांसच विचारलें, “काका, हे कोणाचं देऊळ?”

ॲबेंत पुरलेला शेवटचा राजा दुसरा जॉर्ज; तो १७६० सालीं वारला. आमचे पहिले रघूजी वारले १७५५ मध्यें. दोघे एकाच काळचे. बंगालच्या अलीवर्दीखानानें १७५१ च्या तहांत ज्यांना सालीना बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली, ते हे रघूजी. त्यांचें नांव त्या मुलास सांगतांना आम्हांस जॉर्जचें सनावळीसकट आठवत होतें!

ते पुरतात, आपण जाळतों. छत्रींत देहच नाहीं, तर ओढ कशाची लागणार? अशी पळवाट मनानें काढून पाहिली. पण ॲबे केवळ अस्थींनीं जागता राहिलेला नाहीं. त्या थडग्यांना नित्याच्या प्रार्थनेचा शेजार आहे, आणि ॲडिसनच्या लेखणीचाहि. आमच्या छत्र्यांवर आम्हीं एक ओळहि लिहिली नव्हती.

तिसरे रघूजी १८५३ सालीं निपुत्रिक वारले. राज्यास वारस नाहीं असें ठरवून डलहौसीनें १८५४ मध्यें तें खालसा केलें. त्या निवाड्यास आम्ही वर्गांत अन्याय म्हणत आलों. पण त्या दगडी पायरीवर बसलों असतां वाटलें, वारस म्हणून आम्हीं तरी कोठें तोंड दाखविलें होतें?

येत्या सोमवारीं पुन्हा ॲडिसन शिकवावयाचा आहे. सोमवारचा तो तास यंदा शुक्रवारींत भरेल.